कडीपाटाच्या माडीचा झोळ काढताना: खालून, हळू आणि दोन्ही टोकं तपासून

मराठवाड्यातल्या जुन्या वाड्याची माडी बहुधा कडीपाटाची असते. भिंतीपासून तुळईपर्यंत कड्या, कड्यांवर पाट, पाटांवर मातीचा थर, त्यावर सारवण किंवा मागाहून बसवलेली शहाबादी फरशी. कडीला कुठे नाट म्हणतात, कुठे सर. इथे सगळीकडे कडीच म्हटलं आहे. घर दुरुस्तीला काढलं की एखाद्या खोलीत कडीला झोळ आलेला, म्हणजे ती मध्यात खाली वाकलेली दिसते, आणि पुढे दोनपैकी एक चूक हमखास होते. कुणी वरून माती किंवा काँक्रीट घालून खोलगट भाग सपाट करतं, तर कुणी खालून गाडीचा जॅक लावून एका दुपारीत कडी वर रेटतं. वरून भरलं की वजन वाढतं आणि झोळही वाढतो. घाईनं रेटलं की पाट फुटतात, कडीचं भिंतीतलं टोक चिरडतं.

खालची मापं १० फूट गाळा (कडीच्या दोन टेकणींमधलं अंतर), ३ × ५ इंची कडी आणि दोन कड्यांमध्ये दीड फूट अंतर धरून दिली आहेत. तुमचा गाळा वेगळा असेल तर लांबीची मापं बदलतील, क्रम बदलणार नाही. लाकूडकामात अजून सूत चालतं म्हणून तेच वापरलं आहे: ८ सूत म्हणजे १ इंच, १ सूत म्हणजे साधारण ३ मिलिमीटर.

आधी ठरवा: हे काम सुताराचं की इंजिनिअरचं?

एक ते तीन कड्या झुकल्या असतील, तुळई सरळ असेल आणि भिंती ओळंब्यात असतील, तर अनुभवी सुतार आणि गवंडी मिळून हे काम करू शकतात. पुढच्यापैकी एकही खूण दिसली तर जॅकला हात लावू नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा:

- तुळईच झुकली आहे किंवा खांब उथळ्यावरून (खालच्या दगडी बैठकीवरून) सरकला आहे.
- भिंतीनं पोट काढलं आहे, किंवा कडीच्या टोकाखाली भिंतीला उभी-तिरपी भेग आहे.
- माडीवरचा खांब थेट या कडीवर उभा आहे. अशा वेळी वरच्या माळवदाचंही (मातीच्या सपाट छताचंही) वजन त्याच कडीवर येत असतं.
- मध्यावरचा झोळ २ इंचांपेक्षा जास्त आहे.
- कडीच्या तळाला आडवी, म्हणजे रेषा तोडणारी भेग गेली आहे.

टप्पा १: झोळ मोजा, मग कारण शोधा

कडीच्या दोन्ही टोकांना, तळापासून बरोबर १ इंच खाली राहील अशी लाईनदोरी ताणून बांधा. मध्यावर कडीचा तळ ते दोरी हे अंतर मोजा. ते ४ सूत भरलं तर झोळ ४ सूत, कारण १ इंचातले ४ सूत कडीनं खाल्ले आहेत. कडी दोरीला टेकत असेल तर दोरी ३ इंच खाली बांधा आणि ३ इंचांतून वजा करा. शेजारच्या दोन-दोन कड्याही याच पद्धतीनं मोजा आणि आकडे खडूनं कडीवरच लिहा. नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. जुनी कडी कधी कधी मुळातच वाकड्या लाकडाची असते.

लाकडी कडीला लांबीच्या २४०व्या भागाइतका झोळ साधारणपणे चालतो. १० फुटांना तो ४ सूत होतो. तेवढाच असेल, वाढत नसेल आणि टोकं धड असतील तर कडी उचलण्याची गरज नाही. ४ सुतांपासून दीड-पावणेदोन इंचांपर्यंत हे मार्गदर्शन लागू पडतं.

आता कारण. ते न शोधता केलेली दुरुस्ती टिकत नाही. दाभण किंवा जाड स्क्रू-ड्रायव्हर घेऊन कडीला दर फुटावर टोचा, आणि भिंतीलगतच्या शेवटच्या फूटभरात दर २ इंचांवर. धड सागवानात टोक जेमतेम रुततं. अर्धा इंच सहज आत गेलं तर लाकूड कुजलं आहे. हातोडीनं ठोकूनही कळतं: खणखणीत आवाज चांगला, बद्द आवाज म्हणजे आत पोकळ. उधईच्या मातीच्या नळ्या भिंतीलगत शोधा. कडीखाली पिठासारखा बारीक भुसा पडत असेल तर किडा लागला आहे.

कडी बहुतेक वेळा मध्यात वाकलेली दिसते, पण मूळ दुखणं टोकात असतं. पन्हाळीचं पाणी भिंतीत मुरतं, भिंत महिनोन्‌महिने ओली राहते आणि आत घुसलेलं टोक कुजतं. म्हणून टोकाभोवतीची माती खरवडून किमान ३-४ इंच आतपर्यंत टोचून बघा. हे न करता मध्यावर जॅक लावणं म्हणजे कुजलेल्या टोकावर माडी उचलणं.

दुसरं कारण वजन. ४ इंच मातीचा थर चौरस फुटाला साधारण १६ किलो भरतो. एका कडीच्या वाट्याला १५ चौरस फूट येतात, म्हणजे माती, पाट आणि कडीचं स्वतःचं वजन धरून सुमारे २८० किलो. माडी रिकामी असतानाचा हा आकडा आहे. त्यावर कुणी २ इंच मसाल्यात शहाबादी बसवली तर प्रत्येक चौरस फुटाला आणखी १५ किलोंच्या आसपास वाढतात. सोयाबीन-तुरीची क्विंटलभराची पाच पोती एका कोपऱ्यात रचली की ५०० किलो. ५०० लिटरची पाण्याची टाकी भरली तरी तेवढेच.

तपासा: लाकडाच्या रेषेच्या दिशेनं जाणारी, आरपार नसलेली बारीक भेग वाळण्याची असते, तिची काळजी नको. टोकापासून सुरू होऊन निम्म्या उंचीवरून कडी उभी चिरत जाणारी भेग मात्र धोक्याची.

टप्पा २: वजन उतरवा, पाणी अडवा, वेळ निवडा

माडीवरची पोती, कोठ्या, कपाटं, टाकी सगळं हलवा. त्या कड्यांवर मागाहून घातलेली फरशी किंवा कोबा असेल तर तो काढून टाका. मातीचा थर ४ इंचांहून जाड असेल (सारवणावर सारवण चढून ६-८ इंच झालेला पुष्कळदा सापडतो) तर खरवडून ३ इंचांवर आणा. कधी कधी एवढ्यानंच कडी २-३ सूत वर येते. त्यामुळे वजन उतरवल्यावर आठवडाभर थांबून पुन्हा मोजा.

पन्हाळ, सवणं (छतातलं उजेडाचं भोक), भिंतीचा माथा, जिथून पाणी येतं ते आधी दुरुस्त करा. ओल्या भिंतीत नवं लाकूड घालू नका.

कामाला चांगले महिने जानेवारी ते मार्च. तोवर भिंती वाळलेल्या असतात आणि काळी माती पावसाळ्यातल्यासारखी फुगलेली नसते. पावसाळ्यात टेकूखालची काळी जमीन मऊ पडते आणि टेकू खचतो. मृगाच्या तोंडावर काम उघडं पाडून ठेवू नका.

टप्पा ३: सामान

एका कडीला लागणारं:

- जोडकडी (जुन्या कडीला बाजूनं बोल्टनं जोडायची नवी कडी) १ नग, ३ × ५ इंच, लांबी १० फूट १० इंच (दोन्हीकडे ५-५ इंच टेकणीसाठी). वाळलेलं सागवान घ्या. पाडलेल्या वाड्यांचं जुनं सागवान वखारीत मिळालं तर उत्तम, ते आणखी वाळून आकसणार नाही. फक्त खिळे आणि कीड बघून घ्या.
- १२ मिलिमीटर जाडीचे ७ इंची नट-बोल्ट १० नग, आणि दोन्ही बाजूंना २ × २ इंची, ६ मिलिमीटर जाड लोखंडी पट्टीचे वायसर २० नग. दुकानातले छोटे गोल वायसर लाकडात रुततात.
- टेकणीसाठी २ इंच जाड, भिंतीतल्या खाचेत (टप्पा ६) बसतील असे सपाट दगड २.
- डांबरी कागदाचा तुकडा, ६ मिलिमीटर आणि त्याहून पातळ लोखंडी पट्टीचे तुकडे.
- बोरॅक्स ६०० ग्रॅम, बोरिक पावडर ४०० ग्रॅम.

उचलण्यासाठी, भाड्यानं किंवा उसनं:

- ५ ते १० टनी हायड्रॉलिक बॉटल जॅक २.
- सेंट्रिंगचे लोखंडी स्क्रू प्रॉप (आट्यानं उंची बदलणारे टेकू) ७.
- ४ × ६ इंची, ७ फूट लांब आडवा दांडा १.
- २ इंच जाड, २ फूट लांब फळ्या. प्रत्येक टेकूखाली दोन आडव्या-उभ्या थरांची २ × २ फुटी बैठक झाली पाहिजे.
- कठीण लाकडाचे ठोकळे आणि पाचरी.

सागवान परवडत नसेल तर १०० मिलिमीटरचं सी-चॅनेल चालतं. मीटरला साधारण साडेनऊ किलो भरतं, म्हणजे एका कडीला ३० किलोंच्या थोडं वर. भोकं वर्कशॉपमध्येच पाडून आणा, रेड ऑक्साइड लावून घ्या आणि सपाट पाठ कडीला लावा.

सावध: लोखंड वापरताना माडीखाली जागेवर वेल्डिंग करू नका. पाटांच्या फटींत शतकभर साठलेला पाला, भुसा आणि कोळिष्टकं असतात. ठिणगी आत जाते आणि धूर रात्री निघतो.

लाकूड कापून, भोकं पाडून झाल्यावर १० लिटर गरम पाण्यात बोरॅक्स आणि बोरिक पावडर विरघळवून ब्रशनं तीन हात द्या. टोकं अर्धा तास द्रावणात उभी ठेवा, पाणी तिथूनच आत शिरतं. जुन्या कडीची धूळ झाडून तिलाही हेच लावा. नंतर दोन-तीन दिवस सावलीत वाळवा.

टप्पा ४: बैठक आणि टेकू

टेकू जिथे येणार तिथली जमीन आधी पहारीनं ठोकून बघा. जुन्या घरात फरशीखाली पेव किंवा बळद (धान्य साठवायची जुनी पोकळी) असू शकतं, पुष्कळदा बुजवलेलं आणि घरच्यांच्या विस्मरणात गेलेलं. पोकळ आवाज आला तर टेकू तिथे नको. शहाबादी फरशीखाली पोकळी असेल तर तेवढी फरशी उचलून खालची माती ठोकून घट्ट करा.

१. फळ्यांच्या बैठका मांडा, पाणसळीत आणा.

२. आडवा दांडा कड्यांना काटकोनात, गाळ्याच्या मध्याखाली धरा. झुकलेल्या कड्या आणि दोन्ही बाजूंची एकेक धड कडी त्यावर आली पाहिजे. एकच कडी उचलली तर ती आणि शेजारची यांच्यामधले पाट फुटतात.

३. दांड्याखाली, टोकांपासून फूटभर आत, दोन प्रॉप उभे करा. ओळंबा लावून तपासा. तिरपा टेकू भार पडला की निसटतो.

४. दांडा आणि जिथे तो टेकत नाही त्या धड कड्या यांच्यात ठोकळे सारा, म्हणजे भार सगळ्यांवर वाटला जाईल.

सावध: स्क्रू प्रॉप तोलून धरायला असतो, उचलायला नाही. पाना लावून त्याचा आटा फिरवत माडी उचलू नका.

टप्पा ५: रोज एक सूत

जॅक प्रॉपच्या शेजारी, स्वतंत्र बैठकीवर आणि कठीण लाकडाच्या ठोकळ्यावर उभा करा. दोन्ही जॅकवर दोघं माणसं, एकाच वेळी, थोडं-थोडं.

दिवसाला १ सूत, त्याहून जास्त नाही. १ सूत वर आलं की प्रॉपचा आटा हातानं चढवून भार त्यांच्यावर घ्या आणि जॅक सैल करा. रात्रभर भार जॅकवर ठेवायचा नाही. तेल पाझरतं, जॅक उतरतो. दुसऱ्या दिवशी आधी दोरीनं मोजा, मग पुढचं सूत. १२ सुतांचा झोळ काढायला बारा दिवस लागतात. पन्नास-साठ वर्षं वाकून राहिलेलं लाकूड दुपारीत सरळ होत नाही. घाई केली तर कडी वळण्याऐवजी टोकाशी चिरते.

लाकडाचा बारीक करकर आवाज येणारच. पण ठक्कन मोठा आवाज आला, भिंतीत कडीच्या टोकाशी माती झडू लागली किंवा माडीवरचं दार चौकटीत घासू लागलं, तर त्याच क्षणी थांबा, अर्धं सूत उतरवा आणि दोन दिवस तसंच ठेवा.

पूर्ण सरळ करण्याचा हट्ट धरू नका. १२ सुतांपैकी ८-९ निघाले आणि पुढे जॅकचा जोर वाढत चालला तर तिथेच थांबा. उरलेला झोळ लाकडाच्या अंगात मुरलेला असतो.

तपासा: रोज सकाळी बैठकीच्या फळ्या जमिनीत रुतल्या का ते बघा. कडी वर आलेली नाही पण जॅक वर आला आहे, याचा अर्थ जमीन खाली गेली.

टप्पा ६: भिंतीतलं घर

जॅकचे दिवस चालू असतानाच गवंड्यानं जोडकडीसाठी भिंतीत घर, म्हणजे तिचं टोक बसेल अशी खाच, करून घ्यावं. एक टोक तुळईवर टेकत असेल तर एकच घर लागतं. दोन्ही टोकं भिंतीत असतील तर एका बाजूचं घर ११ इंच खोल आणि दुसरं ६ इंच. कडी आधी खोल घरात सारायची, मग दुसरीकडे ओढून घ्यायची.

घर रुंदीला साडेचार इंच, उंचीला पाटाच्या तळापासून ८-९ इंच. छिन्नी-हातोडीनंच काढा. आपल्याकडच्या दगडी भिंती बहुधा दोन पदरी असतात, आत माती आणि खडीचा भराव. ब्रेकर मशीन लावलं की भराव ओघळतो, पदर सुटतात. किल्लारीच्या १९९३च्या भूकंपात जड माळवदाखाली अशाच मातीत रचलेल्या भिंती ढासळल्या. दोन पदर बांधून धरणारा लांब दगड घराच्या जागी सापडला तर तो तोडू नका, घर कडीच्या दुसऱ्या बाजूला घ्या.

घराच्या तळाशी टेकणीचा दगड १:४ सिमेंट-वाळूत पाणसळीत बसवा आणि सात दिवस ओला ठेवा. तो हव्या त्या उंचीपेक्षा अर्धा इंच खालीच असू द्या. शेवटची उंची लोखंडी पट्ट्यांनी जुळवता येते, वर बसलेला दगड खाली घेता येत नाही.

टप्पा ७: जोडकडी चढवणं

मध्यावर आडवा दांडा असताना जोडकडी वर जात नाही. हे ऐन वेळी लक्षात येतं आणि मग घाईघाईनं दांडा काढला जातो. त्याऐवजी आदल्या दिवशी दांड्यापासून फूटभर अंतरावर प्रत्येक कडीखाली स्वतंत्र प्रॉप लावा. प्रॉपच्या माथ्यावर कडीइतकाच, ३ इंच रुंद ठोकळा हवा, नाहीतर माथ्याची पट्टी जोडकडीच्या आड येते. सगळ्या प्रॉपवर भार आल्याची खात्री झाल्यावर दांडा उतरवा.

१. जोडकडी डोळ्यासमोर आडवी धरून बघा. तिला थोडा बाक असेल तर तो वरच्या बाजूला ठेवा.

२. एक टोक तिरपं करून खोल घरात सारा, दुसरं उचला, सरळ करा आणि ५ इंच मागे ओढा. टेकणी दोन्हीकडे किमान ४ इंच. दगड आणि लाकूड यांच्यात डांबरी कागद.

३. उरलेल्या झोळाचा इथे विचार करा. जुन्या कडीत ३ सूत झोळ राहिला असेल तर सरळ जोडकडी मध्यावर पाटाला लागते आणि टोकांकडे दगड तिच्या वर येऊ पाहतो. म्हणून ती ३ सूत खाली बसवायची. मध्यावर पाटाला लागेल, टोकांकडे फट राहील. त्या फटीत लाकडी पट्ट्या बसवा. रंधा मारून जोडकडीची पाठ कोरू नका.

४. दोन्ही कड्या तीन ठिकाणी शिकंज्यात आवळा. घराची वीज बंद करा, जुन्या केसिंग-पट्ट्या (वायर झाकणाऱ्या) बघा, मग १३ मिलिमीटरचं भोक आरपार पाडा.

५. बोल्ट दर १६ इंचांवर, एक वर एक खाली असे आलटून-पालटून. कडीच्या वरच्या आणि खालच्या कडेपासून २ इंच आत, टोकापासून किमान ४ इंच आत. दोन्ही टोकांशी दोन-दोन. सगळे बोल्ट एका रेषेत मारले तर कडी त्याच रेषेवर चिरते.

६. मधून सुरुवात करून टोकांकडे आवळत जा. वायसर लाकडात दबायला लागला की थांबा.

घराचा उरलेला भाग चुना-वाळूत दगड बसवून बंद करा, पण लाकडाच्या टोकापाशी आणि बाजूंना अर्धा इंच हवा राहू द्या. टोक सिमेंटमध्ये गच्च गाडणं ही फार मोठी चूक आहे. सिमेंट ओल धरून ठेवतं आणि पहिल्या कडीचं जे झालं तेच दुसरीचं होतं.

जुन्या कडीचं टोक कुजलेलं होतं तर तो भाग आता, आणि आताच, धड लाकडापर्यंत कापून टाका. आधी कापला असता तर माडी फक्त टेकूवर राहिली असती.

टप्पा ८: टेकू सोडणं

एका दिवसात सगळे प्रॉप काढू नका. आधी प्रत्येक प्रॉप १ सूत उतरवा आणि रात्रभर थांबा. कडी १-२ सूत खाली बसेल, ते अपेक्षित आहे. दुसऱ्या दिवशी आणखी १ सूत, मग मोकळं करा. ३ सुतांहून जास्त खाली आली तर प्रॉप परत लावा आणि टेकणीच्या पट्ट्या तपासा. बहुतेक वेळा दोष तिथेच असतो.

महिन्यानं एकदा आणि पहिला पावसाळा सरल्यावर एकदा बोल्ट पुन्हा आवळा. लाकूड आकसतं तसे ते सैल होतात.

टप्पा ९: वरची जमीन

वर २-३ सुतांचा उतार राहिला तरी राहू द्या. माती परत घालायची तर ३ इंच, चाळलेली आणि तुडवून घट्ट केलेली. फरशीच हवी असेल तर मातीवर मसाला चढवू नका. माती पूर्ण काढा, पाटांवर आडव्या लाकडी पट्ट्या ठोकून सपाटी साधा आणि वर १८ किंवा १९ मिलिमीटरचं वॉटरप्रूफ प्लायवूड टाका. ते चौरस फुटाला ४ इंची मातीपेक्षा १४ किलोंहून अधिक हलकं पडतं.

धान्याची पोती परत नेताना ती भिंतीलगत, कड्यांच्या टोकांजवळ रचा, आणि एकाच दोन कड्यांवर नाही तर भिंतीच्या लांबीवर पसरून.